पुअर चहा : कोवळा की मुरलेला? आणि पावसाळ्यात ठेवायचा कसा?

तुरटगोड | ७ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ कामानिमित्त दोन वर्षं चीनमध्ये, युन्नान प्रांतातल्या कुनमिंगला होता. मार्चमध्ये परत आला तेव्हा माझ्यासाठी पुअर चहाच्या, म्हणजे तिथल्या दाबून ठेवलेल्या आणि वर्षानुवर्षं मुरवता येणाऱ्या चहाच्या, दोन चकत्या घेऊन आला. दोन्ही 'शंग', म्हणजे कच्च्या प्रकारातल्या. एक ईवू भागातली, २०२३ च्या वसंतातली, २०० ग्रॅमची. दुसरी २००६ ची, ३५७ ग्रॅमची, वेष्टनावर ७५४२ हा आकडा. ही दुसरी इतकी वर्षं दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात ठेवलेली होती म्हणे.

मी जन्मभर आल्याचा, दुधाचा चहा पिणारी. पहिल्या दिवशी नव्या चकतीचा तुकडा मोडून पातेल्यात टाकला आणि चार मिनिटं उकळला. घोट घेतला आणि जीभ टाळ्याला चिकटली. सगळा ओतून दिला. पण दहा मिनिटांनी पाणी प्यायले तर ते गोड लागलं! शाळेच्या वाटेवर आवळे खाऊन वर नळाचं पाणी प्यायचो, अगदी तस्सं. त्या एका घोटासाठी दुसऱ्या दिवशी तो चहा पुन्हा केला.

जुन्या चकतीला आजोळच्या माळ्याचा वास येतो. जुनं लाकूड, भाताची कणगी, कुठेतरी कापूर. चव मऊ आहे, पण मला ती उतरलेली वाटली. भाऊ म्हणतो जुना म्हणजे सोनं, नव्याला पंधरा वर्षं हात लावू नकोस. माझा जीव मात्र नव्यावर जडलाय.

तर मला सांगा, मी करतेय ते कुठे चुकतंय? कोवळा शंग खरंच प्यायचा नसतो का? आणि ठाण्यात आता चार महिने पाऊस, या चकत्या ठेवू कुठे?

---

पोलेई | ७ जून, रात्री १०:५५

हाँगकाँगमध्ये सतरा वर्षं काढली, म्हणून ठामपणे लिहितो. तुमचा भाऊ बरोबर आहे. इथे पुअरला पोलेई म्हणतात. डिमसमच्या, म्हणजे वाफवलेल्या छोट्या पदार्थांच्या, टेबलावर बसलात की किटली आधी येते आणि त्यात बहुतेक वेळा हाच असतो, कधी शेवंतीची वाळलेली फुलं घालून. इथल्या जुन्या पिढीच्या लेखी कोवळा शंग हा चहाच नाही, तो कच्चा माल. कैरीचं लोणचं घातल्या दिवशी कोणी ताटात वाढत नाही.

७५४२ ला जपा. तो आकडा म्हणजे पाककृतीचा क्रमांक. ७५ म्हणजे १९७५ साली बसवलेलं मिश्रण, ४ ही पानाची प्रत, शेवटचा २ मंगहायच्या कारखान्याचा. १ असता तर कुनमिंग, ३ असता तर शियाग्वान. 'अठ्ठ्याऐंशी छिंग' म्हणून जो चहा आज अफाट किमतीला विकला जातो, तो हाच ७५४२. १९८८ ते ९२ च्या आसपासचा, हाँगकाँगमध्ये कोरड्या गोदामात नीट सांभाळलेला.

---

रानफूल | ७ जून, रात्री ११:०२

वाचनखूण साठवली आहे. तुमच्या आवळ्याच्या पाण्याला चिनी लोक 'ह्वेगान' म्हणतात, परतून येणारी गोडी. चहा गिळल्यावर घशातून वर येते ती. म्हणजे पहिल्याच दिवशी, उकळून वाट लावलेल्या चहातही तुम्हाला नेमकं तेच सापडलं!

---

पायवाट | ८ जून, सकाळी ७:१५

पोलेई, सविनय असहमत.

मी २०१८ च्या एप्रिलमध्ये युन्नानच्या दक्षिणेला, शीश्वांगबान्नामध्ये नऊ दिवस फिरलो. ईवूजवळच्या एका घरी राहिलो होतो. सकाळी खुडलेलं पान दुपारपर्यंत सावलीत कोमेजू द्यायचं. मग चुलीवर तिरकी बसवलेली मोठी लोखंडी कढई. घरातल्या आजी जाड हातमोजे घालून पानं तळापासून उचलत आणि झटकून परत सोडत. आपल्याकडे पोहे भाजताना हात जसा चालतो ना, तसा, पण ढीग पाच-सहा किलोचा. वाफ त्यांच्या तोंडावर येत होती आणि त्या वासावरून ठरवत होत्या की झालं. मला आधी कच्च्या गवताचा वास आला, मग उकडलेल्या वाटाण्याचा, मग एकदम मधाचा. त्या क्षणी त्यांनी पानं बाहेर काढली. मग हाताने मळून बांबूच्या चटईवर उन्हात.

सगळी गोम या उन्हात आहे. हिरव्या चहाला जोरदार आच देऊन त्यातली हालचाल पार थांबवतात. पुअरची आच बेताची आणि वाळवण उन्हाची, म्हणून पानात थोडा जीव उरतो. तोच पुढे वीस वर्षं काम करतो. जून-जुलैत तिथेही पाऊस लागतो. मुख्य खुडणी मार्च-एप्रिलची.

आता मुद्दा. ही माणसं स्वतः काय पितात? त्याच वर्षीचा चहा. काचेच्या पेल्यात पानं टाकून, वर गरम पाणी ओतून, दिवसभर. ज्यांच्या दारात झाडं आहेत ते कोवळाच पितात. मुरलेल्या चहाची आवड ही मुख्यतः हाँगकाँगच्या चहाघरांची आणि नंतर तैवानच्या संग्राहकांची. आवड म्हणून थोरच आहे, पण ती नियम नाही.

---

पोलेई | ८ जून, सकाळी ९:३०

पायवाट, वर्णन वाचून बरं वाटलं. तरी मी माझ्या जागी ठाम. काचेच्या पेल्यात चिमूटभर पानं ही एक गोष्ट आणि सात ग्रॅम पानं शंभर मिलिलिटर पाण्यात ही दुसरी. उपाशीपोटी कोवळा शंग असा कडक करून प्यालात तर हात थरथरतात, पोटात ढवळतं. मी स्वतः पाहिलंय. मुरल्यावर त्याची धार जाते.

---

चुलाणं | ८ जून, दुपारी १:१०

अहो, करायचा कसा ते कोणीतरी सांगा की तिला! बिचारी पातेल्यात उकळतेय.

तुरटगोड ताई, मी रोज करते, तशी पद्धत लिहिते. चकती उलटी करा. मागे मध्यभागी खळगा दिसेल. वाफवलेली पानं फडक्यात बांधून दगडाखाली दाबतात, त्या फडक्याच्या गाठीचा तो ठसा. तिथून किंवा कडेकडून दाभण आडवं आत घाला आणि थर उचकटा, खारीचा पापुद्रा सुटावा तसा. वरून सुरी मारली की पानं मोडतात आणि मोडलेलं पान जास्त कडू उतरतं.

पाच ग्रॅम पानं, शंभर मिलिलिटरचं झाकणाचं भांडं. भांडं आधी उकळत्या पाण्याने तापवून घ्या. पानांवर पाणी ओतून पाच सेकंदांत फेकून द्या, ती आंघोळ. मग पहिलं पाणी आठ सेकंद. हो, सेकंद. दुसरं आठ, तिसरं दहा, पुढे हळूहळू वाढवत न्यायचं. जुन्याला पाणी खळखळतं हवं. कोवळ्याला उकळी बसल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, नव्वदच्या आसपास आलं की ओता. आणि शेवटच्या थेंबापर्यंत निथळा, कारण भांड्यात राहिलेलं पाणी पुढची वाटी कडू करतं.

एका भांड्यातल्या पानांतून दहा-बारा वाट्या निघतात. पातेल्यात चार मिनिटं उकळून तुम्ही त्या सगळ्या एका घोटात प्यायलात.

---

सह्यमित्र | ८ जून, दुपारी १:४४

त्या झाकणाच्या भांड्याला 'गायवान' म्हणतात. आमचा चिरंजीव वय वर्षं सात, विचारतो, "बाबा, धनवान म्हणजे धन असलेला, गुणवान म्हणजे गुण असलेला, मग गायवान म्हणजे?" आता घरात त्या भांड्याला सगळे 'गोठा' म्हणतात.

---

चुलाणं | ८ जून, दुपारी १:५०

गोठा! सह्यमित्र, लेकराची दृष्ट काढा.

---

मोगरा_८२ | ८ जून, सायंकाळी ६:२०

अवांतर विचारते. दूध घालून होत नाही का? आणि वजन कमी होतं असं ऐकलंय, खरं का?

---

रानफूल | ८ जून, सायंकाळी ७:०५

वजनासाठी पिऊ नका, चवीसाठी प्या. औषध म्हणून विकणाऱ्यांपासून चार हात लांबच राहा. आणि यात कॅफिन असतं, रात्री जपून.

दुधाचं म्हणाल तर तिबेटमध्ये शतकानुशतकं हाच चहा उकळून, याकचं लोणी आणि मीठ घालून घुसळतात. युन्नानातून खेचरांच्या पाठीवर ल्हासापर्यंत जायचा, तोच चहा-घोड्यांचा मार्ग. दाबून चकत्या आणि विटा करण्याचं मोठं कारण ही वाहतूक. म्हणजे उकळणं हा काही गुन्हा नाही. फक्त त्यासाठी जून, राकट पान घ्यावं. ईवूचं कोवळं पान दुधात घालणं म्हणजे केशर आमटीत घालणं.

---

मळेकरी | ८ जून, रात्री ९:१५

मी सांगली जिल्ह्यातला शेतकरी. पुअर दोन वर्षांपासून पितो, पण दुसरा प्रकार, 'शौ'. त्याचं कोणी काही लिहीना म्हणून लिहितो.

हाँगकाँगला मुरलेल्या चहाची मागणी वाढली आणि वीस वर्षं थांबायला कोणाला वेळ नव्हता. १९७३ साली युन्नानचे तंत्रज्ञ ग्वांगडाँगला जाऊन तिथली युक्ती बघून आले आणि कुनमिंग व मंगहायच्या कारखान्यांत ती बसवली. उन्हात वाळवलेली पानं जमिनीवर साधारण मीटरभर उंचीचा ढीग करून लावायची, पाणी शिंपडायचं, झाकायचं आणि मधून मधून उलथायची. दीड-दोन महिने. ढीग आतून पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतो. वाचलं तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. शेणखताच्या ढिगात थंडीच्या सकाळी हात घाला, आत असाच कढ असतो. बाहेरून कोरडं गेलं तर शिंपडा, आत फार तापलं तर उलथा. नाहीतर जळतं आणि पांढरं पडतं. चांगलं कुजवणं आणि सडणं यात एका दिवसाचा फरक असतो, तो हाताला कळतो.

चांगल्या शौला सारवलेल्या जमिनीवर पहिला पाऊस पडल्यासारखा वास येतो. आमच्या आईने एकदा कप नाकाशी धरला आणि म्हणाली, "आपल्या जुन्या घरची ओसरी." त्यापुढं माझं काही म्हणणं नाही. कडवटपणा नाही, पोटाला त्रास नाही. नवख्या माणसाने शौपासून सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं.

---

पोलेई | ८ जून, रात्री ९:४०

मळेकरी, शौवर इतकं नेमकं मराठीत पहिल्यांदाच वाचलं. "चांगलं कुजवणं आणि सडणं" लिहून ठेवतो.

---

दिब्रुगडची_सून | ९ जून, सकाळी ८:२५

मूळची नाशिकची, लग्नानंतर आसामात. पुअर ज्या मोठ्या पानाच्या जातीचा होतो तीच जात आसामच्या बागांतली. आणि इथल्या सिंगफो लोकांचा 'फलाप' पुअरचा भाऊच वाटावा असा आहे. पानं कढईत परतून उन्हात वाळवतात, मग बांबूच्या नळीत ठासून भरतात आणि ती नळी चुलीवर धुरात टांगतात. आम्हाला एका घरी दिला तेव्हा नळी फोडली आणि आतून काळा, गोल दांडा निघाला. सुरीने चकत्या कापून त्या कपात टाकल्या. धुराचा वास आणि मागून गोडी. रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश माणसाला १८२३ मध्ये चहाची ओळख करून देणारा बिसा गाम याच सिंगफोंचा प्रमुख. इतक्या जवळ असूनही आपल्याकडे फलाप कोणाला माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. जमेल त्यांनी मिळवून जरूर प्या.

---

तुरटगोड | ९ जून, रात्री १०:०५

इतकं सगळं! सगळ्यांचे खूप आभार. चुलाणं ताई, आज तुमच्या पद्धतीने केला. गायवान नाही, म्हणून झाकणाच्या स्टीलच्या छोट्या डब्यात केला आणि गाळण्यातून ओतला. पहिल्या वाटीत काही कळलं नाही, तिसऱ्या वाटीत जर्दाळूचा वास आला. नवऱ्याला काही न सांगता वाटी दिली, तोही म्हणाला जर्दाळू! तुरटपणा आहे, पण जीभ चिकटत नाही.

साठवणीचं कोणीच बोललं नाही. बाहेर धो धो सुरू झालाय.

---

वेंगुर्ला_पोस्ट | १० जून, सकाळी ६:५०

साठवणीवर मी लिहितो, कारण किंमत मोजली आहे.

२०१९ चा पाऊस. चार चकत्या माझ्याकडे, सगळ्या कागदात गुंडाळून मातीच्या मडक्यात, वर फडकं. कुठेतरी वाचलं होतं की चहाला श्वास लागतो. लागतो, पण तो युन्नानात आणि ग्वांगजौमध्ये. आमच्याकडे आषाढात चपला भिंतीला टेकवून ठेवल्या तरी आठ दिवसांत हिरव्या होतात. नागपंचमीला मडकं उघडलं. वरच्या चकतीचा कागद ओलसर, त्यावर पिवळे ठिपके. कागद सोडवला तर पानांवर राखाडी लव, मांजराच्या पिल्लाच्या पोटासारखी मऊ. दोन गेल्या. तिसरीची एक बाजू. चौथी वाचली, पण आजही तिच्या पहिल्या दोन वाट्यांना तळघराचा वास येतो.

आर्द्रता साठ ते सत्तर टक्क्यांच्या मध्ये राहिली तर चहा सुखाने मुरतो. पंचाहत्तरच्या वर बुरशीची भीती. माझ्या खोलीत जुलैत ब्याण्णव होती, हे नंतर यंत्र आणल्यावर कळलं. तेव्हा पावसाआधीच चकती जाड, हवाबंद पिशवीत घाला, सोबत बासष्ट टक्के आर्द्रता राखणारी तयार पुडी मिळते ती टाका आणि तोंड बंद. सिलिका जेल टाकू नका, ते चहाचा जीवच शोषून घेतं. दसऱ्यानंतर उघडा. स्वयंपाकघरात नको, देवघराजवळ नको, कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तिथे तर नकोच. हा चहा शेजाऱ्याचा वास उचलतो.

आणि लव दिसली तर झटकून पिऊ नका. टाकून द्या.

---

विदर्भी | १० जून, सकाळी ९:१२

आमचं उलटंच. नागपूरच्या मे महिन्यात चकती पापडासारखी कोरडी होते, वासच येत नाही. मीही पिशवी आणि पुडीच वापरतो, फक्त उन्हाळ्यासाठी. कुनमिंगही बरंच कोरडं, जवळपास १,९०० मीटर उंचीवर. तिथला चहा फार सावकाश मुरतो. त्यामुळे चहा किती वर्षांचा यापेक्षा ती वर्षं त्याने कुठे काढली हे आधी विचारावं.

---

अबोली_शाह | १० जून, दुपारी ३:३०

यावर माझा अनुभव. परदेशातल्या एका दुकानातून 'तीस वर्षांचा शंग' म्हणून घेतला, बऱ्याच पैशांना. रंग काळाभोर, वास दमट. पायवाट यांनी तेव्हा मला सांगितलं होतं की करून झाल्यावर पानं उघडून बघ. मुरलेल्या शंगचं पान तपकिरी पण लवचीक असतं, बोटांनी उलगडतं. माझी पानं काळी, कडक, चुरगळली की चिखल. तो दमट गोदामात ठेवलेला शौ होता. २००७ मध्ये पुअरचे भाव आकाशाला भिडून एकदम कोसळले, तेव्हापासून वय हा विकायचा माल झालाय. म्हणून माझं मत, जुना घ्यायचा तर आधी दहा ग्रॅम नमुना प्या. पोलेई काका, तुमचा मान राखून सांगते, जुना म्हणून चांगला असं नसतं.

---

पोलेई | १० जून, सायंकाळी ५:०५

अबोली, हे मला मान्य आहे. जुना आंबेमोहोर शिजवला की घरभर दरवळतो, पण मुळात तो आंबेमोहोर असावा लागतो. जाडा तांदूळ दहा वर्षं ठेवला तरी जाडाच.

---

पायवाट | १० जून, रात्री ८:४०

युन्नानातल्या जिंगमाय डोंगरावरच्या जुन्या चहाबनांना २०२३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. तिथे ब्लांग आणि ताय लोकांची गावं आहेत आणि चहाची झाडं मोठ्या रानवृक्षांच्या सावलीत वाढतात. ब्लांग लोकांच्या पूर्वजाची, पा आयलंगची, कथा सांगतात. मरताना त्याने विचार केला, मुलांना गुरं दिली तर रोगराईत मरतील, सोनं दिलं तर संपेल. म्हणून चहाची झाडं ठेवून गेला. तिथल्या बाईंनी ही गोष्ट सांगत सांगत पेल्यात पानं टाकली होती. आठ दिवसांपूर्वी खुडलेली. पोलेई, मी कोवळ्याच्या बाजूने का भांडतो, त्याचं कारण तो पेला.

---

तुरटगोड | २१ सप्टेंबर, रात्री १०:२०

साडेतीन महिन्यांनी धागा वर काढतेय, कारण माझा प्रश्न अर्धाच सुटला होता.

दोन्ही चकत्या १२ जूनला बंद केल्या. प्रत्येकीचे तीस-तीस ग्रॅम बाहेर छोट्या बरणीत ठेवले होते. आज बाबा आले होते, दोन्ही शेजारी शेजारी केले. आता खरे गायवान दोन आहेत. पाच-पाच ग्रॅम, वेळ सारखी.

पहिल्या चार वाट्यांत नवा पुढे होता. पिवळाधमक, जर्दाळू, मध, आणि ते आवळ्याचं पाणी. बाबा म्हणाले, "हिरडा चघळल्यासारखं आहे, पण चांगलं." जुना तोवर नुसता तपकिरी आणि गप्प. सहाव्या वाटीला नवा उतरायला लागला, फक्त तुरटपणा शिल्लक. आणि जुना तिथून सुरू झाला. कापूर मागे गेला, खारकेसारखी गोडी आली आणि अंगात ऊब. अकराव्या वाटीलाही रंग होता. बाबांनी नव्याची वाटी सरकवून ठेवली आणि जुन्याच्याच तीन घेतल्या.

म्हणजे जूनमध्ये मी जुना दोन वाट्या पिऊन सोडून देत होते! तो उतरलेला नव्हता, मीच लवकर उठत होते. त्याला मी 'उतरलेला' म्हटलं याचं आज खरंच वाईट वाटलं.

तरी पोलेई काका, सकाळच्या पहिल्या घोटाला मला नवाच हवा. अर्धी चकती या वर्षी पिणार, अर्धी मुरायला ठेवणार.

---

पोलेई | २१ सप्टेंबर, रात्री १०:५०

अर्धी ठेवताय ना, मग माझं भांडण संपलं. पण खाऊन प्या. आणि पानं उघडून पाहिलीत का?

---

तुरटगोड | २१ सप्टेंबर, रात्री ११:०५

पाहिली. जुन्याचं एक पान बशीत पसरलं, तपकिरी, मऊ, कडेच्या दातऱ्यांसकट अख्खं उलगडलं. बाबांनी ते वहीत ठेवायला नेलं.

पिशव्या दसऱ्यानंतर उघडणार. वेंगुर्ला_पोस्ट, आर्द्रतेचे आकडे इथेच लिहीन.